कुंथण्याचे दुखणे आणि शिकण्याचा उपचार

‘डॉक्टर, मूळव्याध झाली आहे,’ असे सांगत शासकीय रुग्णालयाच्या ओपीडीत येणाऱ्या प्रत्येकाला मूळव्याधच झालेली असते, असे नाही. शौचावाटे रक्त पडले की घरचे, शेजारचे, औषधाच्या दुकानातले आणि पुष्कळदा डॉक्टरसुद्धा याच एका शब्दापाशी थांबतात. मग मलम येते, गोळ्या येतात, जेवणातले तिखट बंद होते, कोणीतरी सांगितलेला काढा सुरू होतो. काहींचे ऑपरेशनही होऊन जाते. रक्त पडायचे मात्र थांबत नाही. दोन-तीन वर्षांनी हा रुग्ण जाडजूड फाइल घेऊन आमच्यासमोर बसतो. त्या फाइलमध्ये रक्ताचे, लघवीचे, सोनोग्राफीचे सगळे कागद असतात. पण ‘तुम्ही संडासात किती वेळ बसता? जोर लावावा लागतो का?’ हा प्रश्न कोणी विचारल्याची खूण कुठेही नसते.

या गर्दीत एक आजार हमखास निसटतो. त्याचे वैद्यकीय नाव ‘सॉलिटरी रेक्टल अल्सर सिंड्रोम’, म्हणजे मलाशयातला एकटा व्रण. तो बहुतेक वेळा एका मोठ्या तक्रारीच्या पोटात दडलेला असतो. ती तक्रार म्हणजे अडलेले शौच. मल दारापर्यंत येतो, पण बाहेर पडत नाही. माणूस कुंथत राहतो आणि वर्षानुवर्षे कुंथल्याने आतल्या अस्तराला जखम होते.

या आजारात आतड्यापेक्षा ढकलण्याच्या पद्धतीत बिघाड जास्त असतो. म्हणून बहुतेक रुग्णांत त्याचा मुख्य उपचार बाटलीत मिळत नाही आणि ऑपरेशनच्या टेबलापासून सुरूही होत नाही. शौच कसे करायचे हे पुन्हा शिकणे, हा तो उपचार. ऐकायला विचित्र वाटते, पण पुरावा याच बाजूने आहे. ते शिकवण्याची सोय आपल्या सरकारी रुग्णालयांत व्हायला हवी, आणि ती करणे अवघड नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

शौच होते तरी कसे?

मोठ्या आतड्याच्या शेवटच्या १२ ते १५ सेंटीमीटर भागाला मलाशय म्हणतात. त्याच्या खाली गुदद्वाराला दोन वर्तुळाकार स्नायू असतात. आतला आपल्या इच्छेवर चालत नाही, बाहेरचा चालतो. याशिवाय एक तिसरा स्नायू आहे, प्यूबोरेक्टॅलिस. तो गोफणीसारखा मलाशयाला मागून वेढा घालतो आणि पुढे ओढून धरतो. त्यामुळे मलाशय आणि गुदमार्ग यांच्यात जवळपास काटकोन तयार होतो. पाण्याची नळी मुडपली की पाणी अडते, तसाच हा प्रकार. खोकलो, हसलो, वजन उचलले तरी मल बाहेर येत नाही, त्याचे बरेचसे श्रेय या गोफणीला आहे.

मलाशय भरले की आतला स्नायू आपोआप सैल होतो आणि आपल्याला ‘जायला हवे’ अशी भावना होते. आपण बसतो, पोटाने हलका दाब देतो आणि त्याच वेळी बाहेरचा स्नायू व गोफण सैल सोडतो. कोन उघडतो आणि मल बाहेर पडतो. उकिडवे बसल्यावर हा कोन अधिक सरळ होतो, म्हणून भारतीय पद्धतीची बैठक शरीराला सोयीची असते. ज्यांना गुडघ्यांमुळे कमोड वापरावाच लागतो, त्यांनी पायाखाली छोटा पाट किंवा स्टूल घेऊन थोडे पुढे वाकून बसले, तरी बराच फरक पडतो.

दाब देणे आणि सैल सोडणे या दोन विरुद्ध क्रिया एकाच वेळी व्हाव्या लागतात. हा मेळ बहुतेक जण लहानपणी नकळत शिकतात. काहींचा तो बिघडतो. पोट जोर लावते आणि त्याच क्षणी खालचा स्नायू सैल होण्याऐवजी आणखी आवळला जातो. दार आतून ओढून धरायचे आणि बाहेर ढकलायचे, अशी ही अवस्था. डॉक्टर तिला ‘डिसिनर्जिया’ म्हणतात. ही सवय माणूस मुद्दाम लावून घेत नाही. आपण असे करतो आहोत, याची त्याला कल्पनाही नसते.

हा मेळ का बिघडतो? गुदद्वाराला चीर पडून झालेल्या वेदनेमुळे काही जण दार आवळून धरायला शिकतात आणि चीर भरल्यावरही ती सवय राहते. काहींना वेग दाबून ठेवण्याची सवय लागलेली असते. शाळेतले घाणेरडे स्वच्छतागृह टाळणारी मुलगी, दिवसभर जायची सोय नसलेली बाजारातली विक्रेती, लांबच्या पल्ल्याचा चालक, अशा अनेकांना ही सवय परिस्थितीने लावलेली असते. काही रुग्णांच्या बाबतीत बालपणी झालेला लैंगिक अत्याचार मागे असतो. तो विषय घाईत आणि चारचौघांत काढायचा नसतो, पण डॉक्टरच्या मनात ती शक्यता असायला हवी. अनेकांत कोणतेच कारण सापडत नाही.

अडथळ्याचा दुसरा प्रकार रचनेतला आहे. कुंथताना मलाशयाची आतली भिंत दुमडून खाली सरकते, दुर्बीण दुमडावी तशी. हे सरकणे आतल्या आत राहते किंवा पुढे वाढून अंग बाहेर येते. बाळंतपणे झालेल्या काही स्त्रियांत मलाशयाची पुढची भिंत योनीकडे फुगते आणि मल त्या फुगवट्यात अडकतो. त्यांना बोटाने योनीची भिंत मागे दाबल्याशिवाय शौच होत नाही. हे वर्षानुवर्षे चालते आणि नवऱ्यालाच काय, आईलाही सांगितले जात नाही.

जखम कशी होते?

सतत कुंथण्याने खाली सरकलेले अस्तर आवळलेल्या स्नायूवर दाबले जाते. तिथला रक्तपुरवठा कमी होतो, अस्तर घासले जाते आणि व्रण पडतो. शौच होत नाही म्हणून बोट घालून मल काढण्याची वेळ आलेल्यांच्या अस्तराला त्या बोटानेही इजा होऊ शकते. हा व्रण बहुधा मलाशयाच्या पुढच्या भिंतीवर, गुदद्वारापासून साधारण ५ ते १० सेंटीमीटर आत आढळतो.

आजार नवा नाही. फ्रेंच वैद्य ज्याँ क्रुवेलिए यांनी १८२९ मध्ये अशा व्रणाचे वर्णन केले होते. मात्र त्याची सविस्तर ओळख १९६९ मध्ये मॅडिगन आणि मॉर्सन यांनी करून दिली. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील ६८ रुग्णांचा त्यांचा अभ्यास आजही या विषयाचा पाया मानला जातो. नाव मात्र फसवे आहे. व्रण नेहमी एकटा नसतो. कधी दोन-तीन असतात, कधी व्रण नसून नुसती लाली असते, तर कधी गाठीसारखा उंचवटा असतो. ‘एकटा’ खरा नाही आणि ‘व्रण’ही दरवेळी खरा नाही. म्हणूनच तो ओळखताना गल्लत होते.

रुग्णाची तक्रार मात्र ठरावीक असते. रक्त पडते, आव पडते, पुन्हा पुन्हा जावेसे वाटते, पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, खाली काहीतरी अडकल्याची भावना दिवसभर राहते. दिवसातून आठ-दहा वेळा संडासात गेलेला माणूस ‘मला जुलाब होतात’ असे सांगतो. प्रत्यक्षात त्याला बद्धकोष्ठ असतो. आव आणि रक्त ऐकून त्याला आमांशाची औषधे मिळतात. दुर्बिणीत व्रण दिसला की आतड्याच्या दाहाचा, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसचा शिक्का बसतो आणि त्या गोळ्या महिनोन्‌महिने चालतात. मूळव्याधीचे ऑपरेशन होते आणि त्रास तसाच राहतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे हे चालते.

गल्लत उलट बाजूनेही होते, आणि तिची भीती अधिक आहे. गाठीसारखा दिसणारा व्रण पाहून कर्करोगाची शंका येते. तशीच प्रत्यक्षातला कर्करोग ‘मूळव्याध’ म्हणून महिनोन्‌महिने पोसला जातो. मलाशयाचा कर्करोग तिशी-चाळिशीतही होतो. म्हणून इथे अंदाजाला जागा नाही. दुर्बिणीतून तुकडा घेऊन तपासणे, म्हणजे बायोप्सी, हाच मार्ग. सूक्ष्मदर्शकाखाली या व्रणाची ओळख बरीच नेमकी पटते. अस्तराच्या वरच्या थरात जिथे सैल ऊती असायला हवी, तिथे तंतू आणि स्नायूंचे धागे घुसलेले दिसतात. तुकडा काढायचा म्हटले की रुग्ण घाबरतात. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ हा समज खोटा आहे.

हा आजार दुर्मीळ मानला जातो, पण तो फक्त मोठ्यांचा नाही. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर वैद्यकीय विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०२० मध्ये या व्रणाच्या १४० बालरुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. शोधले तर सापडते, हे या आकड्याचे सांगणे आहे. मूल अर्धा-अर्धा तास संडासात बसत असेल आणि रक्त पडत असेल, तर ‘मोबाइल घेऊन बसतो’ म्हणून रागावण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

तपासणीची सुरुवात बोटाने

या सगळ्यात पहिली आणि सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे हातमोजा घालून बोटाने केलेली गुदतपासणी. ती एका मिनिटात होते. जखम, गाठ किंवा अंग खाली येणे हे तर कळतेच, पण रुग्णाला ‘आता जोर लावा’ म्हटल्यावर स्नायू सैल होतो की बोटावर आवळला जातो, हेही अनुभवी डॉक्टरला जाणवते. तरीही ही तपासणी टाळली जाते. रुग्णाला लाज वाटते, डॉक्टरला वेळ नसतो, ओपीडीत पडदा नसतो आणि स्त्री रुग्णासोबत थांबायला परिचारिका नसते. ही कारणे खरी आहेत, पण त्यांची किंमत रुग्ण मोजतो.

दुसरी तपासणीही साधी आहे. मलाशयात एक मऊ फुगा सरकवून त्यात ५० मिलिलिटर कोमट पाणी भरतात आणि रुग्णाला एकांतात बसून तो बाहेर टाकायला सांगतात. निरोगी माणसाला ते साधारण मिनिटभरात जमते. ज्याला जमत नाही, त्याच्या दारात अडथळा असल्याची दाट शक्यता असते. यासाठी महागडे यंत्र लागत नाही, लघवीच्या नळीसाठी वापरतात तसल्या कॅथेटरवरही काम भागते. पुढची पायरी म्हणजे दाब मोजणारी अ‍ॅनोरेक्टल मॅनोमेट्री, आणि मल बाहेर टाकताना मलाशय कसे हलते ते एक्स-रेवर किंवा एमआरआयवर पाहणारी डेफेकोग्राफी. या मोठ्या केंद्रांत होतात. प्रत्येकाला त्या लागतातच असे नाही, पण शस्त्रक्रियेचा विचार असेल तर त्या झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

औषधांचे काम किती?

सुरुवात सवयींपासूनच होते. पुरेसे पाणी, भाज्या, फळे, भाकरी-उसळीतला चोथा आणि गरजेप्रमाणे इसबगोल. सकाळी उठल्यावर आणि न्याहारीनंतर आतड्याची हालचाल वाढते, तेव्हाच जाणे. दहा मिनिटांत झाले नाही तर उठणे. कुंथायचे नाही, बोट घालायचे नाही आणि मोबाइल संडासाच्या बाहेर ठेवायचा. रोज शौचाला झालेच पाहिजे, हा हट्टही सोडायला हवा. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत सारे काही स्वाभाविक असू शकते. ‘रोज पोट साफ’च्या हट्टापायी रोजच जोर लावणारे पुष्कळ आहेत.

व्रणावर सुक्रालफेट या औषधाचे एनिमा देतात. श्रीनगरच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये सहा रुग्णांवरचा आपला अनुभव मांडला होता आणि तेव्हापासून हा उपाय वापरात आहे. रक्त फार जात असेल तर दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या साहाय्याने ती जागा भाजून बंद करता येते. या उपायांनी जखम शांत होते. पण कुंथणे तसेच राहिले तर ती पुन्हा उघडते. रेचकांचेही तसेच आहे. ती मल मऊ करतात, पण दार उघडायला शिकवत नाहीत.

बायोफीडबॅक म्हणजे काय?

डिसिनर्जियाच्या रुग्णाला ‘स्नायू सैल सोडा’ असे नुसते सांगून उपयोग नसतो, कारण तो स्नायू त्याला दिसत नाही आणि नीट जाणवतही नाही. बायोफीडबॅकमध्ये तो दाखवला जातो. गुदद्वारात एक बारीक नळी ठेवतात. तिथला आणि मलाशयातला दाब समोरच्या पडद्यावर दोन रेषांत दिसतो. जोर लावताना वरची रेषा चढली पाहिजे आणि खालची उतरली पाहिजे. आपल्या रुग्णाच्या दोन्ही रेषा चढतात.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण आमच्याकडे आला होता. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पाऊण-पाऊण तास संडासात बसायचे, रक्त पडायचे. गावी मूळव्याधीचे ऑपरेशन होऊन वर्ष झाले होते. बायोप्सीत व्रणाचे निदान झाले. पहिल्या दिवशी पडद्यावरच्या रेषा बघून तो म्हणाला, “म्हणजे मी दार लावूनच ढकलत होतो की!” निम्मा उपचार त्या वाक्यात झाला. उरलेला निम्मा पुढच्या दोन महिन्यांत त्याने कष्टाने केला.

हे कष्ट असे असतात. आधी पोटाने श्वास घ्यायला शिकायचे. मग श्वास रोखून, दात-ओठ खाऊन नव्हे, तर पोट हलके फुगवून खाली दाब द्यायला शिकायचे. तो देतानाच खालचा स्नायू सैल सोडायचा आणि पडद्यावरची रेषा उतरते का ते पाहायचे. ते जमले की फुगा बाहेर टाकण्याचा सराव. ज्यांना मलाशय भरल्याची जाणीव कमी झालेली असते, त्यांना फुगा कमी-जास्त फुगवून ती जाणीव परत आणून देतात. साधारण पाऊण ते एक तासाची एक बैठक, अशा पाच-सहा बैठका आणि घरी रोजचा सराव. वेदना नसते, भूल नसते, टाके नसतात.

याला पुरावा काय? इटलीतील डॉक्टरांनी २००६ मध्ये डिसिनर्जियाच्या १०९ रुग्णांचे दोन गट केले. एकाला बायोफीडबॅकच्या पाच बैठका, दुसऱ्याला नियमित रेचक. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ८० टक्के रुग्णांना मोठा फरक पडला होता, दुसऱ्यात २२ टक्क्यांना. अमेरिकेत २००७ मध्ये ८४ रुग्णांवर बायोफीडबॅकची तुलना स्नायू सैल करणाऱ्या डायझेपाम या गोळीशी आणि बिनऔषधी गोळीशी झाली. पुरेसा आराम मिळाल्याचे अनुक्रमे ७०, २३ आणि ३८ टक्के रुग्णांनी सांगितले. स्नायू शिकवून जे होते, ते गोळीने सैल करून होत नाही, हे या आकड्यांतून दिसते. मेळ बिघडलेला नसून आतडेच संथ असेल, तर मात्र बायोफीडबॅकचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून आधी निदान हवे.

व्रणाच्या रुग्णांवरचे अभ्यास लहान आहेत, हेही सांगायला हवे. लंडनमध्ये २००४ मध्ये १६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ज्यांना बायोफीडबॅकने बरे वाटले, त्यांच्या मलाशयाच्या अस्तरातला रक्तप्रवाहही सुधारला होता. म्हणजे सवय बदलली की जखमेकडे रक्त परत येऊ लागते. सगळ्यांचे व्रण पूर्ण भरतात असे नाही. काहींचा त्रास जातो, पण दुर्बिणीत खूण उरते. अशा वेळी फोटोवर नव्हे, रुग्णाच्या त्रासावर उपचार करायचे असतात.

शस्त्रक्रिया कधी?

शस्त्रक्रियेला जागा आहे, पण ती रांगेत शेवटी आहे. मलाशय पूर्ण बाहेर येत असेल, आतले सरकणे मोठे असेल, रक्त थांबत नसेल आणि सवयी, औषधे, बायोफीडबॅक मनापासून करूनही उपयोग झाला नसेल, तर ती करावी. सरकणारे मलाशय वर ओढून त्रिकास्थीला बांधण्याच्या शस्त्रक्रियेला रेक्टोपेक्सी म्हणतात. बेल्जियममधील दहूर यांनी २००४ मध्ये मांडलेल्या दुर्बिणीच्या पद्धतीत मलाशयाची फक्त पुढची बाजू मोकळी करून जाळीने आधार देतात. त्यामुळे मागच्या नसा वाचतात आणि शस्त्रक्रियेनंतर नव्याने बद्धकोष्ठ होण्याची शक्यता कमी होते. जाळीचे धोके मात्र रुग्णाला आधीच सांगायला हवेत. फ्रेंच लष्करी शल्यविशारद देलोर्म यांनी १९०० मध्ये सांगितलेली, खालून सैल अस्तर काढून स्नायू चुणीसारखा गोळा करण्याची पद्धत आजही अशक्त आणि वृद्ध रुग्णांत वापरतात. स्टेपलरने मलाशयाचा सैल भाग कापण्याची ‘स्टार’ ही पद्धतही आहे. तिच्यानंतर काहींना घाईची संडास, वेदना आणि रक्तस्राव यांचा त्रास होतो.

अपेक्षा किती ठेवायची? या व्रणासाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेणारा अभ्यास १९९८ मध्ये लंडनमधून प्रसिद्ध झाला. मलाशय सरकू नये म्हणून केलेल्या शस्त्रक्रियांनी समाधानकारक परिणाम मिळाला, तो सुमारे ५५ ते ६० टक्के रुग्णांना. बाकीच्यांचे काय, हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारायचा आहे. मेळ बिघडलेला असताना केवळ रचना दुरुस्त केली, तर घरी गेल्यावर रुग्ण पुन्हा तसाच कुंथतो आणि दुरुस्ती उसवते. नुसता व्रण कापून काढण्यानेही सहसा प्रश्न सुटत नाही. एमआरआयमध्ये दिसलेला लहानसा फुगवटा हे तर शस्त्रक्रियेचे कारणच नाही. असे फुगवटे कोणतीही तक्रार नसलेल्या पुष्कळ स्त्रियांतही असतात.

शिकवण्याची सोय कुठे आहे?

इथे प्रश्न व्यवस्थेचा येतो. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी आणि मोटिलिटीविषयीची भारतीय संघटना यांनी २०१८ मध्ये बद्धकोष्ठतेवर संयुक्त निवेदन काढले. शौचाचा मेळ बिघडलेल्यांसाठी बायोफीडबॅक उपयोगी असल्याचे त्यातही म्हटले आहे. म्हणजे ज्ञान आपल्याकडे आहे, सोय नाही. मोठ्या शहरांतली काही केंद्रे सोडली, तर जिल्ह्याच्या ठिकाणी हा उपचार मिळणे कठीण. आपल्याकडे शस्त्रक्रियेची नोंद होते, तिचा हिशेब लागतो आणि तिचे श्रेयही मिळते. एका रुग्णाला श्वास घ्यायला आणि स्नायू सोडायला शिकवण्यात गेलेला तास मात्र कुठेच मोजला जात नाही. जे मोजले जात नाही, ते हळूहळू केले जात नाही.

हे बदलायला नवे रुग्णालय बांधावे लागणार नाही. पहिली गोष्ट, शौचावाटे रक्त जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाची गुदतपासणी झाल्याशिवाय त्याच्या कागदावर ‘मूळव्याध’ लिहू नये. त्यासाठी प्रत्येक ओपीडीत पडदा आणि स्त्री रुग्णांसाठी परिचारिका हवी. दुसरी, फुग्याची तपासणी जिल्हा रुग्णालयात सुरू व्हावी. खर्च नगण्य आहे. तिसरी, भौतिकोपचार विभागातल्या निदान एका व्यक्तीला, शक्यतो एका स्त्रीलाही, हे प्रशिक्षण द्यावे आणि तिचा तो तास काम म्हणून धरावा. यंत्र मिळेपर्यंत बोटाच्या तपासणीतून आणि साध्या फुग्यावरूनही बरेच शिकवता येते.

‘मजुरी बुडवून पाच वेळा व्यायाम शिकायला कोण येणार?’ असा सवाल सहकारी करतात. रास्त आहे. पण हाच रुग्ण निदानाअभावी तीन वर्षे फेऱ्या मारतो, त्या दिवसांची मजुरीही धरायला हवी. शिवाय अमेरिकेत १०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरी नेण्याच्या छोट्या उपकरणावर शिकलेल्यांना रुग्णालयात शिकलेल्यांइतकाच गुण आला, दोन्ही गटांत सुमारे ७० टक्के. एखादी-दुसरी भेट रुग्णालयात आणि बाकी सराव घरी, हा मार्ग खेड्यातल्या रुग्णासाठी अधिक सोयीचा ठरू शकतो.

शेवटी वाचकांसाठी. शौचावाटे रक्त पडत असेल, वजन घटत असेल, अंगात रक्त कमी झाले असेल, शौचाची पद्धत अलीकडे बदलली असेल किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर मलम लावून वाट पाहू नका. सरकारी रुग्णालयात जा आणि तपासणी झाल्याशिवाय परत येऊ नका. मूळव्याधीचे ऑपरेशन होऊनही रक्त थांबले नसेल, तर दुर्बीण आणि बायोप्सीबद्दल विचारा. आणि डॉक्टरांना न विचारता तीन गोष्टी सांगा: संडासात किती वेळ बसावे लागते, जोर लावावा लागतो का आणि बोटाचा आधार घ्यावा लागतो का. बोलायला अवघड वाटत असेल, तर चिठ्ठीवर लिहून दिल्या तरी चालतील. आमचे निदान त्या तीन ओळींपासून सुरू होते.